रस्टमध्ये व्हर्जनचं भांडण लागलं की आधी बघा ओरडतंय कोण

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत व्हर्जन जुळत नाहीत, काय करू, हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, फक्त खाली चिकटवलेली एरर वेगळी असते. "काल बिल्ड होत होतं, आज होत नाहीये." "माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतं, सर्व्हरवर टाकलं की मरतं." "दोन्हीकडे टाइप तोच आहे तरी म्हणतो जुळत नाही." आणि उत्तरंही ठरलेली: कार्गो (रस्टचं बिल्ड आणि पॅकेजचं टूल) क्लीन मार, लॉक फाइल (घेतलेल्या नेमक्या व्हर्जनांची नोंद) उडव, रस्टअप (रस्टचा इन्स्टॉलर) अपडेट कर. नशिबानं चाललं तर विषय बंद, नाहीतर माणूस दोन नव्या एरर घेऊन परत हजर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझं सरळ म्हणणं असं की रस्टमध्ये व्हर्जन कॉन्फ्लिक्ट नावाची एकच एक भानगड नसते. चार वेगळे प्रोग्राम आहेत आणि चौघंही तक्रार करताना व्हर्जनचंच नाव घेतात. पहिला कार्गोचा रिझॉल्व्हर, म्हणजे कुठल्या क्रेटचं (रस्टच्या पॅकेजचं) कुठलं व्हर्जन घ्यायचं ते ठरवणारा. दुसरा कंपायलर, कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा. तिसरा लिंकर, तयार तुकडे जोडून बायनरी, म्हणजे चालवायची फाइल, बनवणारा. आणि चौथा लोडर, बायनरी सुरू होताना डॉट एसओ फाइली, म्हणजे लिनक्सवरच्या शेअर्ड लायब्ररी, शोधून मेमरीत आणणारा. चौघांचे नियम वेगळे, औषधं वेगळी. ओळखायचं कसं, तर 'कंपायलिंग अमुक तमुक' अशी एकही ओळ यायच्या आधी मेलं तर कार्गो, ई आणि चार आकडे असा एरर नंबर आला तर कंपायलर, 'लिंकिंग विथ सीसी फेल्ड' दिसलं तर लिंकर, आणि बिल्ड सुखरूप होऊन चालवताना पडलं तर बहुतेक लोडर.

खाली कमांड मी फोनवर सांगावं तशा लिहितोय. डॅश म्हणजे एक आडवी रेघ, डबल डॅश म्हणजे दोन.

कार्गोच नाही म्हणतोय

टोमल फाइलमध्ये (प्रोजेक्टला कुठले क्रेट लागतात ते लिहायची फाइल) सर्डे या क्रेटपुढे १.० लिहिलं म्हणजे बरोब्बर तेवढंच पाहिजे असं होत नाही, '१.० किंवा त्यापुढचं, पण २.० च्या आतलं काहीही चालेल' असं होतं. शून्यानं सुरू होणाऱ्या व्हर्जनला नियम अजून कडक, तिथे मधला आकडाच मुख्य धरतात, म्हणजे ०.११ आणि ०.१२ हे कार्गोच्या हिशेबात १ आणि २ इतके लांबचे. एवढं डोक्यात बसलं की अर्ध्या तक्रारी आपोआप कळायला लागतात.

आता महत्त्वाचं. दोन व्हर्जनं एकमेकांशी सुसंगत असतील, समजा दोन्ही १ नं सुरू होणारी, तर कार्गो दोघांना चालेल असं एकच निवडतो, दोन प्रती ठेवतच नाही. पण मुख्य आकडा वेगळा असेल तर दोन्ही एकाच बायनरीत गुण्यागोविंदानं नांदतात. पायथॉनवरून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण तिथे एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजचं एकच व्हर्जन बसतं. म्हणजे 'दोन वेगळी व्हर्जनं मागितली म्हणून अडलं' हे निदान रस्टमध्ये बऱ्याचदा चुकीचंच असतं.

मग कार्गो अडतो कुठे? मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे कोणीतरी लायब्ररीत बरोबर (=) चिन्ह लावून व्हर्जन ठोकून ठेवलंय. अमुक क्रेट '=१.०.१८०' म्हणतोय, दुसऱ्याला किमान १.०.१९० पाहिजे, दोन्ही १ चीच, त्यामुळे दोन प्रती ठेवायची सोय नाही आणि एकात दोघांचं भागत नाही. यावर तुमच्या टोमलमध्ये कितीही खटपट करा, काही होत नाही, ती बरोबर चिन्हाची ओळच सैल करावी लागते. क्रेट दुसऱ्याचा असेल तर तो फोर्क करायचा, म्हणजे त्याची आपली प्रत काढायची, ओळ बदलायची, आणि आपल्या मुख्य टोमलमध्ये पॅच डॉट क्रेट्स-आयओ या सेक्शनमध्ये फोर्कचा पत्ता द्यायचा. इथे एक खोच आहे, फोर्कमधला व्हर्जन नंबर बाकीच्यांनी मागितलेल्या रेंजमध्ये बसला नाही तर कार्गो पॅच वापरतच नाही, फक्त 'पॅच वॉज नॉट यूज्ड इन द क्रेट ग्राफ' अशी वॉर्निंग टाकून पुढे जातो, आणि ती पिवळी ओळ कोणी वाचत नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांनो, कृपा करून लायब्ररीत बरोबर चिन्ह लावू नका, ते काम लॉक फाइलचं आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे लिंक्स. नावात शेवटी डॅश एसवायएस असलेले क्रेट सहसा सी भाषेतल्या लायब्ररीला चिकटलेले असतात, आणि त्यांच्या टोमलमध्ये 'लिंक्स = एसक्यूलाइट३' (एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी) अशी ओळ असते. तिचा अर्थ, या नेटिव्ह लायब्ररीला चिकटणारा क्रेट अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एकच असला पाहिजे. कारणही रास्त आहे. रस्टच्या फंक्शनांची नावं कंपायलर मागे हॅश लावून बदलतो म्हणून दोन व्हर्जनांची नावं आपटत नाहीत, पण सी मध्ये 'एसक्यूलाइट३ ओपन' हे नाव उघडंवाघडं तसंच राहतं, दोन प्रती आल्या की लिंकरनं कुठली धरायची?

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे एकाच वर्कस्पेसमध्ये (एकत्र बांधलेल्या क्रेटांमध्ये) रसक्यूलाइट आणि एसक्यूएलएक्स, किंवा डीझल आणि रसक्यूलाइट. तिघंही खाली लिबएसक्यूलाइट३-सिस याच क्रेटवर उभे, आणि त्या क्रेटचे नंबर शून्यवाले, त्यामुळे एकाला मधला आकडा एक पाहिजे आणि दुसऱ्याला दुसरा. एरर लांबलचक येते, 'पॅकेज लिंक्स टू द नेटिव्ह लायब्ररी एसक्यूलाइट३, बट इट कॉन्फ्लिक्ट्स विथ अ प्रीव्हियस पॅकेज' वगैरे. पॅच, लॉक फाइल उडवणं, काहीच उपयोगाचं नाही. क्रेट्स डॉट आयओवर दोघांच्या डिपेंडन्सी टॅबमध्ये जाऊन लिबएसक्यूलाइट३-सिसचा मधला आकडा जुळेल अशी जोडी शोधायची, त्यासाठी एकाला एखादं व्हर्जन मागे घ्यावं लागलं तरी घ्यायचं. वैतागवाणं आहे पण पाच मिनिटांचं काम आहे. आणि मुळात एकाच प्रोजेक्टमध्ये एसक्यूलाइटशी बोलणारे दोन क्रेट का लागतायत हाही प्रश्न एकदा स्वतःला विचारा.

लॉक फाइल उडवू नका

हे वेगळं सांगायला लागतं कारण पहिला सल्ला हाच मिळतो. लॉक फाइल उडवली की सगळ्या, म्हणजे सगळ्याच, डिपेंडन्सी एकदम नवीन होतात. एक क्रेट अडला होता, आता दीडशे हलले, आणि त्यातला कुठला चावला ते शोधत बसा.

पाहिजे तो एकच हलवायचा असतो. कार्गो अपडेट आणि क्रेटचं नाव, झालं. मागे जायचं असेल तर पुढे डबल डॅश प्रिसाइज आणि नेमका नंबर. २०२५ च्या सुरुवातीला तारीख-वेळेच्या क्रोनो क्रेटचं ०.४.४० आलं, त्यात क्वार्टर नावाची नवीन मेथड होती, आणि ॲरो या डेटा लायब्ररीच्या तेव्हाच्या व्हर्जनांमध्ये त्याच नावाची स्वतःची मेथड होती, झालं, कंपायलर म्हणायला लागला दोनातली कुठली घेऊ. ज्यांनी क्रोनो प्रिसाइज लावून ०.४.३९ वर नेलं ते तिथल्या तिथे मोकळे झाले.

उलटंही होतं. जुलै २०२४ मध्ये रस्ट १.८० आल्यावर टाइम क्रेटची ०.३.३५ च्या आधीची व्हर्जनं कंपाइल होईनात, टाइप कळत नाही अशी एरर यायची, आणि ती एरर तुमच्या कोडमध्ये नाही, टाइम क्रेटच्या आत. जुनी लॉक फाइल आणि नवा कंपायलर असा तो प्रकार होता. कार्गो अपडेट टाइम, एवढंच औषध. तर खूणगाठ अशी की एरर दुसऱ्याच्या क्रेटच्या आतल्या ओळीवर येत असेल आणि तुम्ही नुकताच कंपायलर बदलला असेल तर तो एक क्रेट पुढे ढकलून बघा.

अजून एक, 'लॉक फाइल व्हर्जन ४' अशी तक्रार आली तर डिपेंडन्सीचा काही संबंध नाही. ते लॉक फाइलच्या फॉरमॅटचं व्हर्जन आहे. कार्गो १.८३ पासून नवीन लॉक फाइल ४ नंबरची बनते आणि १.७८ च्या आधीच्या कार्गोला ती वाचता येत नाही. टीममध्ये एकानं रस्टअप अपडेट केलं, कमिट केलं, सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) जुना कार्गो, बोंब. रेपोमध्ये रस्ट-टूलचेन डॉट टोमल ठेवून सगळ्यांना एकाच व्हर्जनवर आणा, आणि सीआयवर डबल डॅश लॉक्ड लावा म्हणजे लॉक फाइल गुपचूप बदलणार नाही. हो, आणि कार्गो इन्स्टॉल मुळातच लॉक फाइलकडे बघत नाही, एखादं टूल इन्स्टॉल होताना फुटलं तर डबल डॅश लॉक्ड लावून परत मारा, बरेचदा तेवढ्यावर भागतं.

टाइप तोच, तरी जुळेना

हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं म्हणून जरा सविस्तर.

समजा ॲक्सम ०.७ या वेब फ्रेमवर्कवर सर्व्हर लिहिलाय आणि आतून दुसऱ्या एपीआयला कॉल करायला रेक्वेस्ट ०.११ घेतलंय. हँडलर सोपा, पलीकडून आलेला स्टेटस आणि बॉडी तशीच पुढे द्यायची, रिटर्न टाइप स्टेटसकोड आणि स्ट्रिंगची जोडी. कंपाइल केलं की ई०३०८, मिसमॅच्ड टाइप्स, स्टेटसकोड पाहिजे होता, मिळाला स्टेटसकोड. माणूस स्क्रीनकडे बघतच राहतो. एका गावात दोन राहुल पाटील असावेत आणि पोस्टमननं एकाचं पत्र दुसऱ्याकडे न्यावं तसं आहे हे, नाव सारखं, घर वेगळं. ॲक्सम ०.७ हे एचटीटीपी क्रेटच्या १.० वर उभं आहे आणि रेक्वेस्ट ०.११ हे एचटीटीपी ०.२ वर. वर सांगितलं तसं कार्गोनं दोन्ही निमूट घेतले, भांडण कंपायलरकडे गेलं. दोन व्हर्जनांतले टाइप कंपायलरच्या लेखी पूर्ण वेगळे, आतला एकेक बाइट सारखा असला तरी.

हे इतक्या लोकांना का चावलं त्याला कारण आहे. हायपर १.० आणि ॲक्सम ०.७ दोन्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये आले आणि नव्या एचटीटीपीवर गेले, रेक्वेस्टचं ०.१२ मात्र मार्च २०२४ मध्ये आलं. मधले चारेक महिने ज्यानं ॲक्सम अपडेट केलं त्याच्या घरात दोन एचटीटीपी असणारच होते. आणि अजूनही जुन्या एसडीकेंमुळे (एखाद्या सेवेशी बोलायच्या तयार लायब्ररींमुळे) ते ०.२ कुठून ना कुठून आत येतंच.

शोधायचं कसं. कार्गो ट्री डॅश डी मारा, डी म्हणजे डुप्लिकेट, ज्या क्रेटच्या एकापेक्षा जास्त प्रती आहेत तेवढ्याच दिसतात. यादी बघून घाबरू नका, मोठ्या प्रोजेक्टमध्ये ती लांब असतेच आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, सिन किंवा बिटफ्लॅग्जच्या दोन प्रती असल्या तर बिल्डला थोडा वेळ जास्त लागतो, बाकी काही बिघडत नाही. तुम्हाला एररमध्ये आलेल्या टाइपचा क्रेट तेवढा बघायचाय. इथे एचटीटीपी ०.२.१२ आणि १.१.० असे दोन दिसले. आता ०.२ ला घरात कोणी आणलं? कार्गो ट्री डॅश आय एचटीटीपी मारलं तर तो म्हणेल दोन आहेत, नेमका कुठला, म्हणून नावापुढे ॲट आणि ०.२.१२ लावायचं. मग उलटं झाड दिसतं, मुळाशी एचटीटीपी आणि त्याच्यावर त्याला वापरणारे, तिथे रेक्वेस्ट ०.११.२७ दिसलं की चोर सापडला.

आता उपाय. सगळ्यात चांगला म्हणजे मागे राहिलेला पुढे आणायचा, रेक्वेस्ट ०.१२ वर नेलं की दोघं एकाच एचटीटीपीवर येतात आणि विषय संपतो. ते शक्य नसेल, समजा एखादं एसडीकेच जुन्याला धरून बसलंय, तर सीमेवर रूपांतर करा: जुन्या स्टेटसकोडवर ॲज-यू१६ बोलवून आकडा काढायचा आणि नव्या स्टेटसकोडच्या फ्रॉम-यू१६ ला द्यायचा. हेडर असतील तर लूप लावून नाव स्ट्रिंग म्हणून आणि व्हॅल्यू बाइट म्हणून काढायची आणि नव्या हेडरमॅपमध्ये भरायची. दिसायला ओबडधोबड, पण एका छोट्या फंक्शनमध्ये बंद केलं की कोणाला त्रास नाही. दोन्ही व्हर्जनं टोमलमध्ये एकत्र लागली तर एकाचं नाव बदलून घेता येतं, पॅकेज या कीमध्ये खरं नाव आणि डावीकडे एचटीटीपी०२ असं टोपणनाव.

आणि मुळात हे टाळायचं तर टोमलमध्ये एचटीटीपी वेगळं लिहूच नका. ॲक्सम स्वतःच्या आतून एचटीटीपी बाहेर देतं, तेच वापरा, म्हणजे ॲक्सम जिथे जाईल तिथे तुमचा स्टेटसकोडही जाईल. असं आतून बाहेर देणाऱ्या प्रत्येक क्रेटला हीच गोष्ट लागू. वर्कस्पेस असेल तर रस्ट १.६४ पासून सगळी व्हर्जनं वरच्या टोमलमध्ये वर्कस्पेस डॉट डिपेंडन्सीजमध्ये एकदाच लिहून खालच्या क्रेटांमध्ये वर्कस्पेस = ट्रू लिहिता येतं, अजूनही कित्येक ठिकाणी सात क्रेटांत सात नंबर दिसतात, ते बघून खरंच चिडचिड होते.

याचा एक छुपा भाऊ आहे जो कंपाइल व्यवस्थित होतो आणि चालताना पडतो. काही क्रेट आत ग्लोबल स्थिती ठेवतात, टोकिओ, लॉग, ट्रेसिंग. टोकिओच्या दोन प्रती आल्या तर दोन वेगळे रनटाइम. जुन्या टोकिओनं मेन सुरू केलं आणि आतली लायब्ररी नव्या टोकिओवरची असेल तर 'देअर इज नो रिॲक्टर रनिंग' म्हणून पॅनिक होतो, पुढे लिहिलेलंही असतं की टोकिओ १ चा रनटाइम पाहिजे. लॉगचं अजून वाईट, पॅनिकही नाही, फक्त एका लायब्ररीचे लॉग छापलेच जात नाहीत. दोन्हीला निदान तेच, कार्गो ट्री डॅश डी.

लिंकर आणि त्याच्या आधीची बिल्ड स्क्रिप्ट

इथे फार वेळ नको घालवायला. 'कॅनॉट फाइंड डॅश एल अमुक' आलं तर ती लायब्ररी नाही, तिचं डेव्ह पॅकेज नाहीये. लिंकरला बिननंबरची डॉट एसओ फाइल लागते आणि ती डेबियन-उबुंटूवर लिबएसएसएल-डेव्हसारख्या पॅकेजमध्ये येते, नुसत्या रनटाइम पॅकेजमध्ये नंबरवालीच असते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीला जोडणाऱ्या ओपनएसएसएल-सिसची बिल्ड स्क्रिप्ट (बिल्डच्या वेळी चालणारा छोटा प्रोग्राम) 'डिरेक्टरी सापडत नाही' म्हणाली तरी औषध तेच, लिबएसएसएल-डेव्ह आणि पीकेजी-कॉन्फिग, दोन्ही. बरेच जण पहिलं टाकतात आणि दुसरं विसरतात.

कॉन्डाचं (पायथॉनवाले वापरतात त्या पॅकेज मॅनेजरचं) एन्व्हायर्नमेंट चालू असेल तर आधी ते बंद करून बघा, कधी कधी पीकेजी-कॉन्फिग तिथलं ओपनएसएसएल पुढे करतं, बिल्ड होतं, आणि मग दुसऱ्या टर्मिनलवर बायनरी चालत नाही.

बिल्ड झालं, सर्व्हरवर मेलं

आता लोडर. इथे कार्गोचा काडीचाही संबंध नसतो, तरी लोक टोमलमध्ये व्हर्जनं हलवत बसतात.

सगळ्यात नेहमीचं, 'व्हर्जन जीलिबसी २.३४ नॉट फाउंड'. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, तिचा नियम एका दिशेचा आहे, जुन्यावर बनवलेली बायनरी नव्यावर चालते, नव्यावर बनवलेली जुन्यावर चालेल याची खात्री नाही. रस्टला स्वतःला फक्त २.१७ पुरतं, पण लिंकर ज्या मशीनवर चालतो तिथल्या जीलिबसीतलं प्रत्येक फंक्शनचं ताजं व्हर्जन बायनरीत नोंदवतो. आणि नेमकं २.३४ च का दिसतं सगळीकडे, तर ऑगस्ट २०२१ च्या त्या रिलीजमध्ये पीथ्रेड लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन केली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा नंबर मिळाला, म्हणजे अगदी हॅलो वर्ल्ड जरी नव्या मशीनवर बनवलं तरी त्याला २.३४ लागतंच.

आकडे हाताशी असू द्या: सेंटओएस ७ वर २.१७, रेडहॅट ८ वर २.२८, उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११ बुलसाय दोन्हीवर २.३१, रेडहॅट ९ वर २.३४, उबुंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ बुकवर्मवर २.३६. म्हणजे उबुंटू २२.०४ च्या लॅपटॉपवर बनवून २०.०४ च्या सर्व्हरवर टाकलं की पडणारच.

डॉकरमध्येही हेच, फक्त लपून. डॉकरफाइलमध्ये बिल्डसाठी रस्टची इमेज नुसत्या नंबरानं घेतलेली असते आणि चालवायला डेबियन बुलसाय स्लिम. २०२३ मध्ये बुकवर्म आल्यावर रस्टची नुसत्या नंबरची इमेज बुकवर्मवर गेली, कोडमध्ये एक अक्षर न बदलता लोकांचे कंटेनर पडायला लागले. उपाय साधा आहे, दोन्ही ओळींत डेबियनचं नाव लिहा, रस्ट इमेजच्या टॅगमध्ये पण आणि रनटाइमच्या पण, आणि दोन्हीकडे एकच.

बायनरीला नक्की काय लागतं ते बघायला ऑब्जडम्प डॅश कॅपिटल टी, पुढे बायनरी, आणि त्यातून जीलिबसी ग्रेप करा, सगळ्यात मोठा नंबर आणि तो कुठल्या फंक्शनमुळे आला तेही दिसतं. सर्व्हरवर कुठलं आहे ते एलडीडी डबल डॅश व्हर्जन सांगतं.

मग करायचं काय. जितकं जुनं ओएस सांभाळायचंय तितक्या जुन्यावर बिल्ड करा, कंटेनरमध्ये. किंवा कार्गो-झिगबिल्ड वापरा, त्यात टार्गेटच्या नावामागे .२.१७ असा नंबर लावता येतो आणि तो तेवढ्याच जीलिबसीसाठी लिंक करतो. किंवा मसल (जीलिबसीऐवजी वापरायची दुसरी सी लायब्ररी) टार्गेटवर जा, सगळं स्टॅटिक, कुठेही चालतं. मसलचा मेमरी ॲलोकेटर मात्र जास्त थ्रेड असले की हळू पडतो, सर्व्हर असेल तर मायमॅलॉक किंवा जेमॅलॉक हा दुसरा ॲलोकेटर लावा. नवीन मशीनवरची लिबसी फाइल कॉपी करून जुन्या सर्व्हरवर टाकायचा सल्ला कुठे दिसला तर लांब राहा, लोडर आणि लिबसी जोडीनं चालतात, जोडी तुटली की एलएससारखी साधी कमांडसुद्धा चालत नाही आणि मग तुमचं एसएसएच पण गेलं.

दुसरं नेहमीचं, 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१ सापडत नाही'. उबुंटू २०.०४ वर ओपनएसएसएल १.१.१ होतं, २२.०४ पासून ३ आहे आणि १.१ काढूनच टाकलंय. म्हणजे जीलिबसीच्या बरोबर उलटं, इथे जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालत नाही. दोन्ही एकत्र डोक्यात ठेवा, 'जुन्यावर बिल्ड करा' हा वरचा सल्ला ओपनएसएसएल शेअर्ड लिंक केलेलं असेल तर इथे उलटतो. आणि ३ च्या फाइलला १.१ नावाची सिमलिंक करायची आयडिया चालत नाही, आतल्या फंक्शनांवरही व्हर्जनचे शिक्के असतात, लोडर लगेच 'ओपनएसएसएल_१_१_० नाही' म्हणतो. बरं, चाललंच असतं तरी आतलं सगळं बदललेल्या क्रिप्टो लायब्ररीवर नशीब आजमावायला कशाला जायचं.

मी स्वतः आता ओपनएसएसएलच काढून टाकतो. रेक्वेस्ट ०.१२ मध्ये डीफॉल्ट-फीचर्स फॉल्स करायचं आणि रस्टएलएस-टीएलएस फीचर (ओपनएसएसएलऐवजी रस्टमधली टीएलएस लायब्ररी) घ्यायचं. पण इथेही एक चकवा आहे, तुम्ही बंद केलं म्हणून बंद झालं असं नाही, फीचर सगळ्यांचे मिळून एकत्र होतात, झाडात कुठेतरी दुसऱ्या क्रेटनं रेक्वेस्ट डीफॉल्टसकट घेतलं असेल तर ओपनएसएसएल परत आत. कार्गो ट्री डॅश ई फीचर्स डॅश आय ओपनएसएसएल-सिस मारा, कोणी चालू केलं ते दिसतं. काही न दिसता 'असा क्रेटच नाही' म्हणाला तर जिंकलात. काढता येतच नसेल तर ओपनएसएसएल क्रेटचं व्हेंडर्ड फीचर लावा, तो सोर्समधून बनवून बायनरीतच बसवतो, फक्त मग सिक्युरिटी पॅच आला की ॲप्ट अपग्रेड पुरत नाही, बायनरी परत बनवावी लागते.

अल्पाइनवाल्यांसाठी (मसलवर चालणारं छोटं लिनक्स) एक ओळ: फाइल समोर दिसतेय तरी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आलं तर फाइल नाही, तिचा लोडर नाहीये. जीलिबसीची बायनरी मसलच्या घरात चालवताय.

आणि शेवटचं लोडरचं, जे सर्व्हरवर नाही तर स्वतःच्याच मशीनवर होतं. कार्गो रननं चालतं, पण टार्गेट फोल्डरमध्ये जाऊन तीच बायनरी हातानं चालवली की लायब्ररी सापडत नाही. कारण कार्गो रन सुरू करायच्या आधी एलडी_लायब्ररी_पाथमध्ये बिल्ड स्क्रिप्टनं सांगितलेले टार्गेट फोल्डरमधले रस्ते भरतो, तुमचं शेल भरत नाही. एलडीडी मारून कुठल्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' येतंय ते बघा. मग कायमचा उपाय म्हणून बायनरीच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये लिंक-आर्गनं आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता) द्या, डॉलर ओरिजिन, म्हणजे 'माझ्या शेजारी बघ', आणि डॉट एसओ बायनरीशेजारी ठेवा. लक्षात ठेवा, हे तुमच्या मुख्य क्रेटच्या बिल्ड स्क्रिप्टमध्येच लिहायचं. डिपेंडन्सीच्या बिल्ड स्क्रिप्टमधलं लिंक-आर्ग वरच्या बायनरीपर्यंत पोचत नाही, यावर लोकांचे अख्खे दिवस गेलेत. बॅशमध्ये तेच आरपाथ रस्टफ्लॅग्जमधून देत असाल तर सिंगल कोट लावा, नाहीतर शेल डॉलर ओरिजिन स्वतःच खाऊन रिकामं करतं.

प्लगिन लिहिताय?

रस्टमध्येच लिहिलेलं प्लगिन डॉट एसओ करून चालताना लोड करायचं असेल तर क्रेट-टाइप डीवायलिब नको, सीडीवायलिब घ्या आणि सीमेवर फक्त सी चे टाइप ठेवा, पॉइंटर, आकडे, रेपर-सी लावलेले स्ट्रक्ट. रस्टचा एबीआय (बनलेल्या बायनरींनी एकमेकांशी बोलायचे नियम) स्थिर नाही, कंपायलर बदलला की स्ट्रिंगची आतली मांडणीसुद्धा बदलू शकते, आणि इथे कार्गो, कंपायलर, लिंकर, लोडर चौघंही गप्प बसतात, थेट सेगफॉल्ट. होस्टनं दिलेली मेमरी होस्टनंच सोडायची, प्लगिननं दिलेली प्लगिननं, त्यासाठी प्लगिनमध्ये वेगळं फ्री फंक्शन ठेवा. आणि पहिलं फंक्शन व्हर्जन नंबर परत करणारं असू द्या, जुळला नाही तर होस्टनं लोड करायलाच नकार द्यायचा.